दाराला कुलूप होतं, सुजाता

सुजाता, परवा तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला अर्ध्यातून उठून जावं लागलं.

आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, खुर्च्या मांडल्या होत्या. भंतेजी आले होते. त्रिशरण-पंचशील झालं, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. तुझी मैत्रेयी पांढऱ्या कुडत्यात तिच्या बाबाच्या, प्रकाशच्या शेजारी ताठ बसली होती. मग भाषणं सुरू झाली. एक काका उठले आणि म्हणाले, नियतीपुढे कोणाचं काय चालतं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पूर्वसंचित असतं एकेकाचं. पूर्वसंचित! तुझ्या फोटोसमोर उभं राहून! मग चांगी बिझनेस पार्कमधल्या तुझ्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी इंग्रजीत सांगितलं की ही नैसर्गिक आपत्ती होती, तिची कल्पना कुणालाच येणं शक्य नव्हतं, आणि अशा प्रसंगी सुजाताने अतुलनीय शौर्य दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मी उठले आणि टपालपेट्यांपाशी जाऊन उभी राहिले. रडायला नाही गं. मला कुणाचं तरी मुस्काट फोडावंसं वाटत होतं.

कल्पना कुणालाच नव्हती? तू वर्षभर दुसरं काय बोलत होतीस?

सिंगापुरातली आपली ओळख बुकित पंजांगच्या एलआरटी गाडीतली. मी माझ्या रोहनला मराठीत झापत होते, आणि समोरच्या सीटवरून तू म्हणालीस, "रागवा बापा, मराठीत रागावलेलं किती दिवसांनी ऐकलं!" तू नागपूरची, मी पुण्याची. तू यंत्रांची सॉफ्टवेअर लिहिणारी, मी तांजोंग पगारच्या ऑफिसात ताळेबंद जुळवणारी. एरवी तू माझ्यासारखीच बोलायचीस, पण चिडलीस की तुझं "काहून?" बाहेर पडायचं. ते ऐकलं की प्रकाश हळूच चहा ठेवायला उठायचा. आता वाद लांबणार, हे त्याला कळायचं.

मी घरी सत्यनारायण घातला तर तू यायचीस, माझ्याबरोबर शिरा ढवळायचीस, चार लोकांना वाढायचीस, आणि कथा सुरू झाली की मुलांना घेऊन खाली खेळायला जायचीस. "शिरा माझा, कथा तुझी," म्हणायचीस. आपलं भांडण कायम एकाच गोष्टीवर व्हायचं. माझ्या तोंडून सवयीने निघायचं, "असेल नशिबात." तू लगेच थांबायचीस. रस्त्यात असलो तर रस्त्यात थांबायचीस. "प्रत्येक गोष्टीला कारण असतं, नीलू. नशीब म्हटलं की कारण शोधायचं काम संपतं. कुणाचं तरी फावतं." मी म्हणायचे, सगळ्याच गोष्टींना कारण सापडत नाही. तू म्हणायचीस, शोधलं का? हा वाद आपण कधी मिटवला नाही. मला वाटायचं, म्हातारपणी पार्कातल्या बाकावर बसून मिटवू.

आणि तू मला पोहायला शिकवलंस. चाळिशीला टेकलेली मी, गुडघ्यापर्यंतच्या त्या पोषाखात लाजून अर्धमेली, आणि तू सार्वजनिक तलावात माझ्या पोटाखाली हात धरून ओरडत होतीस, "श्वास सोड आधी! घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो!" पलीकडच्या चिनी आजी हसत होत्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटी, कुणाच्या हाताशिवाय, तलावाच्या रुंदीइतकी गेले. पलीकडे पोचून वळून पाहिलं तर तू पाण्यात उभी राहून दोन्ही हात वर करून नाचत होतीस. माझ्यासाठी तेवढा आनंद माझ्या नवऱ्यालाही झालेला मी कधी पाहिला नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुला पहिल्यांदा अमेरिकेला पाठवलं. दक्षिणेतल्या एका छोट्या गावात तुमच्या कंपनीचा गाड्यांच्या सीटची कव्हरं बनवणारा कारखाना, तिथली फिरत्या पट्ट्याची लाइन तुझ्या सॉफ्टवेअरवर चालवायची. परत आलीस ती माणूस बदलून आलीस. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि सांगितलंस. मी पोळ्या लाटत होते, मधेच गॅस बंद केला.

दुपारी आभाळ हिरवट झालं, म्हणालीस. मुका मार जुना झाल्यावर जसा दिसतो तसं. भोंगा वाजला. तू उठलीस तर लाइनवरचा सुपरवायझर म्हणाला, बसा, इथे वादळाचा भोंगा सारखा वाजतो. मग लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. डोना नावाची फोर्कलिफ्ट चालवणारी बाई आली, तिने तुझं मनगट धरलं आणि बायकांच्या बाथरूममध्ये ओढत नेलं. तिथे सगळ्या जमिनीवर डोकं गुडघ्यांत घालून बसल्या. कान बंद झाले, मग एक आवाज आला, आणि तो आवाज तुला सांगताच येईना. तू तोंड उघडलंस आणि हात नुसताच हवेत फिरवलास.

कारखाना वाचला. रस्त्यापलीकडची चाकांवरच्या घरांची वस्ती गेली. त्याच संध्याकाळी आसपासच्या राज्यांमध्ये असे कितीतरी टोर्नेडो एकामागून एक उतरले, माणसं मेली, हे तुला दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कळलं. तोवर तू डोनाबरोबर ढिगाऱ्यात हाका मारत फिरत होतीस. छपरांत उष्णता अडवायला भरतात तो गुलाबी कापूस झाडांवर लोंबत होता. मोडलेल्या पाइनचा वास इतका ताजा होता की तुला त्याची लाज वाटली, असं तू म्हणालीस. एक म्हातारी नुसत्या पायऱ्यांवर बसली होती. पायऱ्यांच्या मागे घर नव्हतं. तिने तुला विचारलं, "आत याल का?"

हे सांगताना तू रडली नाहीस. तू म्हणालीस, "भोंग्यानंतर भरपूर वेळ होता, नीलू. आम्हाला बसवून ठेवलं."

त्यानंतर सिंगापूरच्या गडगडाटाची तुला भीती वाटायला लागली. इथे तर दुपारचा गडगडाट रोजचाच. एक दिवस मी तुझ्याकडे आले तर हॉलभर सामान. तांदळाची पोती, सूटकेसा, लोणच्याच्या बरण्या, मैत्रेयीची जुनी सायकल. आपल्या नव्या फ्लॅटांना सरकारी नियमाने जी जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची शेल्टरची खोली असते, जिचं आपण सगळ्यांनी कोठीघर करून टाकलं आहे, ती तू रिकामी केली होतीस. मैत्रेयी दारात उभी राहून म्हणत होती, "ममा, नो टोर्नेडो हिअर लाह!" मीही हसले. तू आत जमिनीवर बसली होतीस. तू भिंतीवर हात आपटलास आणि म्हणालीस, "ऐक आवाज. इथे ना युद्ध आहे ना टोर्नेडो, तरी प्रत्येक घरात ही खोली आहे. आणि तिथे दरवर्षी माणसं मरतात, तिथे कारखान्यात एक खोली नाही. काहून?"

आम्ही दोघी हसायच्या थांबलो. मैत्रेयीने सायकल उचलून आपल्या खोलीत नेली.

मग तू ऑफिसात विचारायला सुरुवात केलीस. तुझे साहेब म्हणाले, निवाऱ्याची जागा ठरलेली आहे, बाथरूम. भिंतीवर तसा फलक आहे. तू म्हणालीस, त्या बाथरूमची एक भिंत ही इमारतीची बाहेरची भिंत आहे, पातळ पत्र्याची, फेब्रुवारीत ती फक्त वाकडी झाली कारण वादळ बाजूने गेलं. तू दुसरी जागाही दाखवलीस. इमारतीच्या मधोमध कागदपत्रं ठेवायची जुनी खोली होती, काँक्रीटची, बिनखिडकीची. नवीन काही बांधू नका, म्हणालीस. इशारा आला की फक्त त्या खोलीचं कुलूप काढा. एवढंच. उत्तर आलं की तिथे गोपनीय नकाशे आहेत, किल्ली सुपरवायझरकडेच राहील. तू पुन्हा विचारलंस. मग मंदी आली. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. कुलूप काढायला कसली मंदी आड येते गं? तू मीटिंगमध्ये तेच विचारलंस. नंतर एकाने तुला लिफ्टपाशी गाठून सांगितलं, "सुजाता, डोन्ट बी इमोशनल." घरी येऊन तू त्याची नक्कल केलीस. आपण खूप हसलो. मग तू एकदम म्हणालीस, "बाई बोलली की इमोशनल. आमच्यासारखी बाई बोलली की जरा जास्तच इमोशनल." मी विषय बदलला. ते बोलणं तसंच राहिलं.

यंदा वसंतात तुला पुन्हा जायला सांगितलं. प्रकाशची बँकेतली नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. तरी तो म्हणाला, जाऊ नकोस, आपण बघू काहीतरी. मी पण म्हणाले. आपण हॉकर सेंटरमध्ये बसलो होतो, तुझी कॉफी गार होत होती.

"त्यांना म्हणावं, दुसऱ्याला पाठवा," मी म्हणाले.

"दुसरा जाईल," तू म्हणालीस. "त्याला कुणी सांगणार नाही की फलक चुकीच्या दारावर आहे."

"तू ईमेल करून सांग त्याला."

"डोना तिथेच आहे, नीलू. ती रोज त्या लाइनवर उभी राहते. तिला जाऊ नकोस म्हणायला कोण आहे?"

"तिचं तिला बघू दे ना! तिचा देश आहे, तिचं सरकार आहे."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी चमचा खाली ठेवला. पण मी बोलले ते आजही मागे घेत नाही. मला तू हवी होतीस. डोना बिचारी मला कोण? हे मी तुझ्या तोंडावर बोलले, आणि तू उठून दुसरी कॉफी आणलीस, माझ्यासाठीसुद्धा. आपला हा वाद अर्धाच राहिला.

पुढचं मला डोनाने सांगितलं. तिने प्रकाशला फोन केला होता. पहिल्या चार वाक्यांनंतर त्याने फोन माझ्या हातात दिला आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. डोनाचे उच्चार मला धड कळत नव्हते. तिलाही माझे कळत नसावेत. आम्ही दोघी एकेक गोष्ट दोन-दोनदा सांगत होतो.

त्या दिवशीही भोंगा वाजला. सुपरवायझर म्हणाला, ट्रक भरून होऊ द्या. तू लाइन बंद केलीस. तुझ्या हातात होतं ते तू केलंस, पट्टा थांबवलास. तो धावत आला. तू म्हणालीस, किल्ली दे. तो म्हणाला, वर विचारतो. फोनवर विचारत राहिला. भोंगा पुन्हा वाजला. तू तिथेच हात पुढे करून उभी होतीस, डोना म्हणाली, भीक मागावी तशी नाही, पोलिसासारखी. छपरातल्या काचा गारांनी फुटायला लागल्या तेव्हा कुठे त्याने किल्ली दिली.

तू दार उघडलंस आणि हाका मारल्यास. जवळची माणसं आत आली, डोनाही. पण बरेच जण भिंतीवरच्या फलकाप्रमाणे आधीच बाथरूमकडे पळाले होते. फलकावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांचा काय दोष? तू त्यांना आणायला गेलीस. पहिल्या खेपेला काही बायकांना घेऊन आलीस. डोनाने तुझ्या शर्टाची बाही धरली होती. तू म्हणालीस, "आत अजून आहेत," आणि बाही सोडवून घेतलीस. मग बाथरूमची ती बाहेरची भिंत अंगावर आली.

सुजाता, तो ट्रक कशाने भरत होते, ते तुला माहीतच होतं. सीटची कव्हरं. मी रोज ताळेबंद जुळवते, मला सगळ्याच्या रकमा मांडता येतात, पण ही एक गोष्ट मला कशाच्याच समोर मांडता येत नाही.

तुला इथे आणायला बरेच दिवस लागले. तोवर मराठी पेपरांत छापून आलं, ‘चक्रीवादळात मराठी अभियंता महिलेचा मृत्यू’. मला तुझा आवाज ऐकू आला, "चक्रीवादळ नाही गं, टोर्नेडो. वेगळं असतं." इथल्या बातमीत तू दोन ओळी होतीस. आणि मग मंडाईचं दहनगृह. पुण्याच्या माणसाच्या कानाला मंडई म्हणजे भाजी, कोथिंबिरीचा वास. इथे या नावाच्या ठिकाणी मी तुला सोडून आले. प्रकाशने मैत्रेयीचा खांदा धरला होता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, इज इट हॉट इनसाइड?" मी खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही. तिला जवळ घेतलं. तुझ्यासारखीच हाडं आहेत तिची, टोचणारी.

आता त्यांना तुला वीरांगना करायचं आहे. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी ते साहेब घरी आले, प्रकाश आणि मी दोघं होतो. ऑफिसच्या प्रवेशद्वारापाशी तुझ्या नावाची पितळी पाटी लावायची म्हणाले. मजकूर आणला होता, नैसर्गिक आपत्ती, निःस्वार्थ शौर्य, सहकाऱ्यांचे प्राण. वाचताना त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता, म्हणून मला अजून संताप आला. दार उघडं असतं तर कुणाला शौर्य दाखवावं लागलं असतं? तू चालत आत गेली असतीस, सगळ्यांबरोबर खाली बसली असतीस, आणि संध्याकाळी मला फोन करून त्या सुपरवायझरला नागपुरी शिव्या दिल्या असत्यास.

मी तोंड उघडणार होते. पण प्रकाश बोलला. तुला माहीत आहे, हा माणूस वेटरने चुकीचं जेवण आणलं तरी खाऊन घेतो. त्याने कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि विचारलं, "यात कुलूप कुठे आहे?"

साहेबांना कळलं नाही.

"दाराला कुलूप होतं," प्रकाश म्हणाला. "माझी बायको वर्षभर ते काढा म्हणत होती. तुमच्याच मीटिंगमध्ये म्हणत होती. ते यात लिहिलेलं नाही."

"आम्ही तुमच्या भावना समजू शकतो, पण पाटीवर अशा गोष्टी..."

"मग पाटी नको."

साहेब म्हणाले, ते परत येतील. प्रकाश दारापर्यंत गेला, त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं, परत आला आणि चहा ठेवला. चहा करताना त्याने दोनदा साखर घातली. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

वकिलाशी बोलायचं ठरलं आहे. डोना साक्ष द्यायला तयार आहे, आणखी काही जण आहेत. काय होईल माहीत नाही. मी पुण्याची, शांत डोक्याची म्हणून मला ओळखतात लोक. सध्या मी लिफ्टमध्येसुद्धा भांडते. कुणी हळू आवाजात म्हणालं, "आता तरी तिच्या आत्म्याला शांती," की मी विचारते, कशासाठी? तू आत्मा मानत नव्हतीस आणि शांत तर कधीच नव्हतीस. तुझ्यानंतर लगेच मला शांत करायची एवढी घाई कुणाला आहे?

आज सकाळी, मी ऑफिसला निघताना, डोनाचा पुन्हा फोन आला. तिथे संध्याकाळ होती. कारखान्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी आठवड्यापूर्वी पुन्हा सुरू केला आहे, तोच सुपरवायझर आहे. तिथल्या दुपारी भोंगा वाजला. तो म्हणाला, बसून राहा, बघू. डोना म्हणाली, कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. फोर्कलिफ्ट होती तिथे थांबली, पट्टा चालू राहिला, त्यावरून कव्हरं जात राहिली, आणि लाइनवरची सगळी माणसं उठून त्या खोलीकडे चालत गेली. धावली नाहीत, चालत गेली. दार उघडंच होतं. कुलूप कुणी काढलं ते कुणी सांगत नाही. तो मागून नावं घेऊन ओरडत होता, कामावरून काढीन म्हणत होता. मग बराच वेळ सगळे आत दाटीने उभे राहिले. टोर्नेडो आलाच नाही, दुसऱ्या बाजूला वळला. बाहेर आल्यावर कुणाला घरी पाठवतात का म्हणून सगळे एका घोळक्यात उभे राहिले. अजून कुणाला पाठवलेलं नाही.

"टेल हर," डोना म्हणाली. "आय डोन्ट नो हाऊ यू पीपल डू इट. बट टेल हर."

आम्ही कसं सांगतो ते मलाही माहीत नाही. म्हणून ऑफिसला न जाता हे लिहायला बसले. ऐक सुजाता, सगळे उठले. कुणालाही विचारलं नाही.